स्प्रिंगा कापून हॉट रॉड होत नाही, भाच्या

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर एक पोस्ट पडली. ‘जुनी गाडी भंगारात देऊ नका! 40 हजारांत अमेरिकन हॉट रॉड बनवा!’ हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून, इंजिन फुगवून पळवायला बनवलेली. वर ज्वाळा रंगवलेल्या लाल फोर्डचा फोटो, खाली सात मुद्दे आणि शेवटी नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’. पाठवणारा माझा भाचा. त्यावर दाजींचा अंगठा. ‘मामा, आपली फियाट?’ असा प्रश्नही होता, तो मी वाचून सोडून दिला. तिथंच चुकलं.

दाजींच्या वडिलांची 1972 ची फियाट डिलाईट गेली कैक वर्षं ताडपत्रीखाली आहे. संध्याकाळी सहज डोकावलो, तर ताडपत्री गुंडाळलेली, गाडी जॅकवर, पुढची दोन्ही चाकं बाहेर आणि शेजारी भाड्यानं आणलेला गॅस कटर. उद्यमनगरात लेथवर माझी हयात गेली. हॉट रॉडचं वेड मलाही आहे, रद्दीत मिळालेली अमेरिकन मासिकं मी अजून जपून ठेवलीत. म्हणूनच ही पोस्ट जास्त झोंबली.

पोरगं जिथं पोचलं होतं तिथूनच सुरू करतो. मुद्दा तिसरा: ‘पुढच्या स्प्रिंगचे दोन वेढे गॅसनं उडवा. गाडी खाली बसते आणि रस्ता धरते.’

हे ज्यानं लिहिलं त्यानं ती गाडी स्वतः चालवून दाखवावी, करूळ घाटात, पावसात. स्प्रिंगच्या तारेला कारखान्यात पाणी दिलेलं, म्हणजे तापवून कडक केलेलं असतं, तिची सगळी करामत त्यात आहे. गॅसची ज्योत लागली की तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. एक जागा मऊ, पलीकडची कडक आणि तडा जायला नेमकी मधली जागा तयार. कापलेलं टोक बैठकीत सपाट बसत नाही. चाक मोठ्या खड्ड्यावर लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आणि ‘रस्ता धरते’ म्हणे! आठ वेढ्यांतले दोन काढले की उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशानं कडक होते, हा साधा भागाकार आहे. म्हणजे स्प्रिंग कडक झाली आणि तिला हलायला जागाही उरली नाही. दर खड्ड्याला गाडी रबरावर आपटणार, स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडलेले असल्यानं प्रत्येक आपटीला नाक एकीकडे ओढणार. ग्राइंडरनं थंड कापली तर पाणी उतरत नाही, हे मान्य. बाकीचं सगळं तसंच राहतं.

मग ते अमेरिकन लोक गाडी खाली कशी आणत? त्यांच्या जुन्या फोर्डला पुढं सरळ अ‍ॅक्सल आणि स्प्रिंग म्हणून आडवा पाटा असायचा. त्या अ‍ॅक्सलची टोकं वर उचललेली करून घेत, त्याला ड्रॉप्ड अ‍ॅक्सल म्हणतात. गाडी खाली यायची आणि पाट्याची हालचाल शाबूत राहायची. फियाटला पुढं तसा अ‍ॅक्सलच नाही.

अख्ख्या पोस्टमध्ये ‘ब्रेक’ हा शब्द एकदाही नाही, याचा राग मला सगळ्यात जास्त आला. फोर्डनं 1932 साली 65 हॉर्सपॉवरचं आठ सिलिंडरांचं व्ही-एट इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत घातलं, पण ब्रेक मात्र दांड्या-तारांचे ठेवले. हायड्रॉलिक ब्रेक आले ते 1939 च्या मॉडेलला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जुनी फोर्ड घेऊन तिच्या मागं लागणारी पोरं भंगारात 1939 नंतरच्या फोर्डचे ब्रेक शोधत फिरायची आणि ते 1932 च्या गाडीला बसवायची. हॉट रॉडमधली ही इतकी नेहमीची दुरुस्ती आहे की तिला कुणी कौतुकानं सांगतही नाही. ज्वाळा सगळ्यांना दिसतात, चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर कुणाला दिसतो?

मुद्दा चौथा, ‘छप्पर चार इंच कापा, खरा अमेरिकन लूक येतो.’ फोर्ड असो की 1951 ची मर्क्युरी, त्या गाड्यांना खाली वेगळी चासी होती. बॉडी काढली तरी गाडी चाकांवर उभी. त्यामुळं कॅलिफोर्नियातले बॅरिस बंधू आणि त्यांच्यासारखे कारागीर खांब कापून छप्पर उतरवू शकले. पुढच्या-मागच्या काचा, दारं यांचं गणित जुळवायला त्यांनाही महिने जात, सांधे शिसं वितळवून भरत आणि घासत बसत. आपल्या डिलाईटला, म्हणजे फियाट अकराशेला, वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा आणि छपराचे खांब त्या पेटीचा भाग. ते कापून कच्चं वेल्डिंग मारून वर लांबी (पुटी) फासली, तर फोटो झकास येईल. पुढं एखादा ट्रक आडवा आला तर काय होईल हे दाजींनी अंगठा देण्याआधी विचारायला हवं होतं.

आता कायद्याचा मुद्दा, तो मात्र नीट वाचा. पोस्ट म्हणते, ‘50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज धरतात, तिला आरटीओचे नियम नाहीत, हवे ते बदल करा.’ अर्धं खरं असलं की जास्त खपतं, त्याचा हा नमुना. 50 वर्षांचा नियम आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै 2021 मध्ये तो काढला. पण त्यात व्हिंटेज कुणाला म्हणायचं? तर 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे छप्पर कापल्याक्षणी ती व्हिंटेज राहिली नाही! नव्या नोंदणीचे 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. तेवढं करूनही गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

व्हिंटेज नोंदणी नको म्हणालात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 समोर उभं आहे. आरसी बुकात कंपनीनं दिलेला तपशील आहे, त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच निक्षून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला दर बदलामागं 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हा कायदा हौशी कारागिरावर जरा जास्तच कडक आहे असं माझं मत आहे. माझं मत चौकातल्या हवालदाराला सांगून बघा.

‘अमेरिकेत कुणी विचारत नाही’, हा पाचवा मुद्दा. विचारतात. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, पण हॉट रॉडचं माहेर असलेल्या कॅलिफोर्नियातच स्वतः बांधलेल्या गाड्यांना धुराच्या नियमात जी खास सवलत मिळते ती वर्षाला फक्त 500 गाड्यांना. तिच्यासाठी लोक जानेवारीत नंबर लावतात.

‘सायलेन्सर काढला की ताकद वाढते.’ धूर मोकळा गेला तर थोडा फरक पडतो, नाही म्हणत नाही. फोर्डच्या त्या व्ही-एटमध्ये धुराच्या वाटा ब्लॉकमधूनच जायच्या, त्यामुळं पाणी तापायचं आणि एक्झॉस्ट सुधारण्याला तिथं अर्थ होता. जेमतेम अकराशे सीसीच्या फियाटचा सायलेन्सर काढून वाढतो तो फक्त शेजाऱ्यांचा रक्तदाब.

‘दारूच्या तस्करांनी हॉट रॉड शोधला.’ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या तस्करांनी फोर्डची इंजिनं फुगवली हे खरं, पण ती कथा नेहमीच्या गाड्यांच्या, म्हणजे स्टॉक कार शर्यतींकडं जाते. हॉट रॉड वाढला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज या कोरड्या तलावांच्या तळावर. पोरांच्या क्लबांनी 1937 साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. नावातच ‘टायमिंग’ आहे! गाडी किती पळाली हे घड्याळ सांगणार, आवाज नव्हे.

शेवटचा मुद्दा, ‘अशी गाडी करोडोंना विकली जाते.’ पोस्टवाल्याच्या डोक्यात बहुतेक हिरोहाता मर्क असावी. बॅरिसच्या वर्कशॉपनं 1952 मध्ये घडवलेली ती मर्क्युरी जानेवारी 2022 च्या लिलावात 21 लाख डॉलरच्या वर गेली, हे खरं आहे. तीच गाडी 1959 मध्ये एका पोरानं 500 डॉलरला घेतली होती, एवढं फक्त पोस्टमध्ये नाही. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या नामांकित प्रदर्शनानं हॉट रॉडना वेगळा वर्ग दिला तोही थेट 1997 साली, आणि तिथं पहिली आली ती डोन स्पेन्सर या कारागिराची 1932 ची फोर्ड. चाळीस हजारांत आणि दोन रविवारांत झालेली गाडी नव्हती ती.

फियाटच्या स्प्रिंगा वाचल्या. ब्रेकचे चारही ड्रम मी दुकानात घेऊन आलोय, दोन लेथवर टर्न करावे लागतील, एकाला आतून तडा आहे, तो बदलायचा. व्हील सिलिंडरचे किट बुधवारी मिळतील. भाच्या, रविवारी येतो. तोवर तो गॅस कटर ज्याचा त्याला देऊन ये, भाडं चढतंय.