कुलाबा किल्ला एक दिवसीय सहल, अलिबाग – मालकाकडून रिप्लाय

नमस्कार ताई, रिव्ह्यू पूर्ण वाचला. दोन तास बीचवर बसवून ठेवलं, किल्ल्यावर फोटो काढतोय तोच चला चला करून हाकललं, पाय भिजले आणि पैसे परत द्या, असं तुमचं म्हणणं आहे. पैसे परत मिळणार नाहीत, का ते सगळ्यांसाठीच लिहितो कारण हा प्रश्न आम्हाला दर सीझनला येतो.

किल्ला पाण्यात आहे, चालत जायचं तर ओहोटीलाच. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. आपण गेलो त्या दिवशी दशमी, म्हणजे साडेसातच्या आसपास भरती आणि दीडच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. गेटवेहून मांडवा आणि तिथून बसने अलिबाग करून आपण साडेदहाला पोचलो तेव्हा मधे भरपूर पाणी होतं, मग आधी जेवण उरकून घेतलं. दुसरं काय करणार होतो?

तुम्ही बुकिंगला पौर्णिमेचा रविवार मागत होतात. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आसपास असते, किल्ला फक्त लांबून बघून यावं लागलं असतं. दशमीला पाणी भांगाचं, म्हणजे चढउतार कमी, ओहोटी उधाणासारखी लांब जात नाही, त्यामुळे पाय भिजणारच. म्हणूनच व्हॉट्सॲपवर पट्ट्याच्या चपला आणा असं लिहिलं होतं, दगडांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. आजींच्या घोडागाडीचे पैसे वेगळे हेही त्याच मेसेजमध्ये होतं, ते गाडीवाल्याला जातात, आम्ही त्यात काही घेत नाही.

आता घाईबद्दल. पाणी समोरून लाट येऊन चढत नाही, आधी वाळूतले खोलगट भाग भरतात, पहिला तास काही जाणवत नाही आणि त्यानंतर मात्र झपाट्याने वाढतं. तुम्ही म्हणता बाकी लोक तेव्हा आत येत होते. येत होते, बरोबर, पण त्यांची जबाबदारी माझ्यावर नव्हती, तुमच्या दोन मुलांची आणि आजींची होती. आमच्या पोराचा आवाज चढला असेल तर तो त्याच काळजीने चढला, मी त्याला ओरडणार नाही.

वाईट एवढंच वाटतं की सिद्धिविनायकाचं दर्शन झालं पण उत्तरेच्या तटावरच्या चाकांच्या तोफा नीट बघता आल्या नाहीत. त्यांच्यावर १८४९ साल कोरलेलं आहे, मुलं बोट फिरवून वाचतात. शिवाजी महाराजांनी १६८० ला बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला किल्ला आहे तो, निवांत बघायलाच हवा. परत यायचं असेल तर तारीख ठरवायच्या आधी फोन करा, तिथी बघून सांगतो, शक्यतो मधला वार घेऊ म्हणजे गर्दी कमी. पौर्णिमा-अमावस्येचा रविवार मात्र मागू नका, तो मी देणार नाही.