जंताची गोळी आणि रविवारचं मटण

कोल्हापुरात कुत्र्याला जंताची गोळी द्यायची म्हटलं, की घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच उपाय सुचतो. "घाल की मटणात, त्याला काय कळतंय!" त्याला सगळं कळतं. मटण चाटूनपुसून संपतं आणि गोळी तेवढी फरशीवर राहते.

गोळीतलं प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध कडूजहर असतं. चुरा करून कालवलंत तर अख्खं ताट कडू होतं आणि मटणावरचाही विश्वास उडतो. मला विचाराल तर तीन घासांचा डाव खेळावा. पहिला घास नुसता, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या आशेनं दुसरा न चावताच गिळला जातो. फोड मात्र शिजवलेली आणि बिनमसाल्याची हवी. तांबडा असो की पांढरा, रस्सा नको. कांदा-लसूण कुत्र्यालाही बाधतं आणि मांजराला त्याहून जास्त.

50 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेलची नेहमीची मिश्र गोळी 10 किलो वजनाला एक. काट्यावर आधी एकटं उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करायची. (पहिला आकडा मोठ्यानं वाचायची गरज नाही.) पिल्लांना जंत आईच्या पोटातूनच मिळतात, म्हणून त्यांचं पातळ औषध दुसऱ्या आठवड्यापासून, डॉक्टरांनी वजन करून दिलेल्या मापानं. मोठ्यांना साधारण दर तीन महिन्यांनी.

आता गंमत अशी, की मटणवाल्यानं "न्या कुत्र्याला" म्हणून मायेनं बांधून दिलेलं कच्चं काळीज-फुफ्फुस हेच जंतांचं माहेर असू शकतं. शेळ्यामेंढ्यांच्या या अवयवांत हायडॅटिडच्या, म्हणजे एका जंताच्या अळ्यांच्या, पाण्यानं भरलेल्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी (फितीसारखे चपटे जंत) वाढतात, आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली, तर तशाच गाठी आपल्या यकृतात होतात. तेव्हा ते चांगलं शिजवून घाला, नाहीतर घालूच नका.

मांजराशी तीन घासांचा डाव चालत नाही. त्याला टॉवेलात गच्च गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. एका हातानं गालफडं धरून मान थोडी वर करायची, दुसऱ्या हातानं खालचा जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटून गळा चोळायचा. खासबागेच्या कुस्ती मैदानात हा डाव शिकवत नाहीत. लगेच गालाच्या कडेनं सुईविना सिरिंजनं हळूहळू पाच मिली पाणी पाजा, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करू शकते. जिभेला चव लागली तर तोंडाला फेस येतो. घरात रडारड होते, पण ती विषबाधा नव्हे, कडवटपणाचा निषेध आहे.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ते बहुधा दुसऱ्या एका जातीच्या पट्टकृमीचे तुकडे. अंग चाटताना पिसू गिळली की हे येतात, म्हणून पिसवा मारल्याशिवाय नुसत्या गोळीनं भागत नाही. फक्त कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावू नका. त्यानं ते दगावू शकतं.

दोघांचा डोस एकाच दिवशी असेल तर मांजराला आधी द्या. कुत्र्याची तयारी बघितली की ते माळ्यावर जातं, आणि तिथून खाली आणायचं औषध अजून निघालेलं नाही.