जुना लाइनमन आणि गाडीत राहिलेला अर्थिंग रॉड

नवीन लागलेला तंत्रज्ञ खांबाशी आला की विचारतो. कोणता फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाईन), बंद झाला का, अर्थिंग रॉड (बंद तारा जमिनीला जोडणारा दांडा) लावू का? पंधरा-वीस वर्षं काढलेला लाइनमन विचारत नाही, कारण त्याला सगळा गाव पाठ असतो. माझं स्पष्ट मत आहे की वीज वितरणातले अपघात कमी करायचे असतील तर नव्या मुलांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, लक्ष या जुन्या माणसांच्या रोजच्या कामांवर हवं. नवीन रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) चढवायचं असेल तर क्रेन येते, साहेब हजर असतात, सगळे जागे असतात. घात होतो तो डीओचा (खांबावरच्या ड्रॉप-आउटचा) फ्यूज टाकणं, जळालेला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) जोडणं, फुटलेला इन्सुलेटर बदलणं अशा वीस मिनिटांच्या कामात.

या माणसांना नियम माहीत नसतात असं अजिबात नाही. नव्यांना तेच शिकवतात. पण लाईन खरंच बंद असताना अर्थिंग रॉड लावला तर काहीच घडत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. दहा मिनिटं मात्र जातात. असं शेकडो वेळा झालं की मन आपोआप हिशोब मांडतं. मग एखाद्या संध्याकाळी पाऊस असतो, गावातून फोनवर फोन येत असतात, रॉड गाडीतच राहतो आणि काम सुखरूप होतं. पुढच्या वेळी तो काढायचा विचारही येत नाही. याला आळशीपणा म्हणणं अन्याय आहे. रोजच्या कामानेच त्याला हा चुकीचा धडा शिकवलेला असतो, आणि म्हणूनच ‘सावध राहा, सुरक्षित राहा’च्या फलकांनी तो पुसला जात नाही.

गावातल्या १०० केव्हीएच्या रोहित्राचं उदाहरण घ्या. एका फेजचा डीओ गेलाय. आधी वितरण पेटीतून लघुदाबाची (घरांकडे जाणारी) बाजू तोडायची, मग एबी स्विच (हँडलने तिन्ही तारा तोडणारा खांबावरचा स्विच) उघडायचा, मग तपासायचं, अर्थ करायचं आणि त्यानंतरच वर हात घालायचा. सरळ काम. तरी यात तीन ठिकाणी जीव जातो.

पहिलं ठिकाण एबी स्विचचं. हँडल खाली ओढलं, खटका ऐकू आला, म्हणजे लाईन तुटली असं धरलं जातं. पण पाइपाचा बोल्ट ढिला असेल किंवा एका फेजचे कॉन्टॅक्ट जळून चिकटले असतील, तर दोन ब्लेड उघडतात आणि तिसरं जागेवरच राहतं. हँडल मात्र पूर्ण खाली आलेलं असतं. त्या एका तारेवर जमिनीच्या तुलनेत सुमारे ६,३५० व्होल्ट असतात. म्हणून खाली उभं राहून तिन्ही ब्लेड एकेक करून बघायची आणि प्रत्येकाच्या मधली मोकळी जागा डोळ्यांनी दिसली पाहिजे. रात्री प्रत्येक ब्लेडवर वेगळा टॉर्च मारायचा. फांदी आड येत असेल, धुकं असेल, दिसत नसेल, तर ते ब्लेड उघडलेलंच नाही, तार जिवंत आहे असं धरून चालायचं आणि वरच्या फीडरचं परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची उपकेंद्राची परवानगी) घ्यायचं.

दुसरं ठिकाण उलट्या बाजूने येणाऱ्या विजेचं. गावातला पुरवठा गेला की कुठल्यातरी दुकानात जनरेटर सुरू होतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) नसेल किंवा चुकीचा जोडला असेल तर ती वीज मीटरमधून उलटी लघुदाबाच्या तारांवर येते. ११ केव्ही ते ४३३ व्होल्टच्या रोहित्रात एका फेजच्या वाइंडिंगचं गुणोत्तर साधारण ४४ असतं. खालून २३० व्होल्ट चढले तर वर दहा हजारांच्या आसपास तयार होतात, आणि डीओच्या रोहित्राकडच्या टोकाला हात लावणारा माणूस समजतो की एबी उघडलाय, आता भीती नाही. छोटा इन्व्हर्टर शेजाऱ्यांच्या लोडने बहुधा लगेच ट्रिप होतो हे खरं आहे. पण त्या क्षणी हात तारेवर असेल तर तेवढा वेळ पुरतो. शिवाय लघुदाबाच्या तारेवर काम करणाऱ्याला मारायला २३० व्होल्टच भरपूर आहेत. म्हणून पेटीतले तिन्ही फेज तोडायचे, गेलेल्या डीओचा एकच नाही.

तिसरं ठिकाण चुकीच्या फीडरचं, आणि इथे अनुभवच घात करतो. फीडर वेगळे झाल्यापासून अनेक गावांत गावठाणाची आणि शेतीची लाईन एकाच रस्त्याने शेजारी-शेजारी जाते. जुन्या माणसाच्या डोक्यातला नकाशा कधीकधी वेगळं होण्याआधीचा असतो. परमिट शेतीच्या फीडरचं आणि माणूस चढला गावठाणाच्या खांबावर, असं होतं. खांबावर फीडरचं नाव आणि नंबर ठळक रंगवणं हे किरकोळ काम समजून पुढे ढकललं जातं. मला ते हातमोज्यांइतकंच गरजेचं वाटतं.

या तिन्ही ठिकाणी वाचवते ती तपासणी आणि रॉड. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या लाईनवर व्होल्टेज डिटेक्टर वाजतो का ते पाहायचं, मग कामाच्या तारेवर लावायचा, मग पुन्हा चालू लाईनवर. सेल उतरलेला डिटेक्टर मेलेल्या लाईनवर आणि जिवंत लाईनवर सारखाच गप्प बसतो. रॉडचा क्रमही बदलायचा नाही: अर्थचा क्लॅम्प आधी जमिनीच्या बाजूला घट्ट, मग रॉडने एकेक फेज, जवळच्या तारेपासून. काढताना बरोबर उलटं, तारा आधी आणि अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थचं टोक आधी सुटलं आणि लाईन चार्ज झाली, तर तो रॉडच जिवंत होतो. कामाच्या दोन्ही बाजूंना रॉड हवा, कारण वीज कुठून येईल याचा भरवसा नाही.

आता सवय मोडायची कशी? माणसाच्या आठवणीवर सोडून नाही. जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने बोलतात. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत दर १०० कृतींमागच्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. आपल्याकडेही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. खांबाखाली हेच करायला काय हरकत आहे? वर चढणाऱ्याने ब्लेडकडे हात करून म्हणायचं, ‘आर उघडं, वाय उघडं, बी उघडं’ (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं), आणि खालच्याने स्वतः बघून ‘बरोबर’ म्हणायचं. ‘बरोबर’ म्हणणारा वयाने लहान असला तरी ‘दादा, बी दिसत नाही, थांबा’ म्हणायचा हक्क त्याला साहेबांनी सगळ्यांसमोर द्यायला हवा. नाहीतर तो कधीच बोलणार नाही.

फोनवरच्या परमिटचंही तसंच. ‘हां, बंद केलाय, चढ’ एवढं पुरेसं नाही. लाइनमनने फीडरचं नाव, खांब नंबर आणि वेळ सांगायची, उपकेंद्रातल्या ऑपरेटरने तीच परत वाचून वहीत लिहायची. ज्याने परमिट घेतलं त्यानेच परत करायचं, तिसऱ्याच्या फोनवर लाईन चालू करायची नाही. आणि परत करण्याआधी माणसं मोजायची, रॉड मोजायचे.

चेकलिस्टवर मी फारसा विसंबत नाही. संध्याकाळी ऑफिसात बसून एका पेनाने आठवड्याच्या खुणा होतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा अभियंत्याने न सांगता साइटवर जाऊन एकच गोष्ट बघावी: रॉड तारेवर आहे का? असेल तर तिथेच चार माणसांत कौतुक करावं. आज कौतुक होतं ते पाच मिनिटांत लाईट आणणाऱ्याचं, आणि लोकांना कळतं की खरी किंमत कशाला आहे. जिथे दोन माणसांच्या कामाला एकटा जातो, तिथे त्याला नियम सांगण्याआधी दुसरा माणूस द्या.

गावकऱ्यांनाही एक विनंती. घरात किंवा दुकानात जनरेटर असेल तर सिंगल फेजला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, थ्री फेजला फोर-पोल चेंजओव्हर स्विच परवानाधारक ठेकेदाराकडून बसवून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घरात वीज चढवू नका, कारण त्या वेळी तुमच्याच गल्लीच्या टोकाला कुणीतरी खांबावर असतं. आणि लाईट गेली की लाइनमनला दर दोन मिनिटांनी फोन करू नका, त्याला रॉड लावायला वेळ लागतो.