आयोडीनच्या मिठाने आर्द्रतामापक तपासता येतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

डिजिटल आर्द्रतामापक घरच्या घरी मिठाने कसा तपासावा, या माझ्या लेखावर एका वाचकांनी सविस्तर आक्षेप घेतला आहे. लेखातील रीत अशी: मिठात थोडे पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करायचा, तो आर्द्रतामापकासह बंद डब्यात काही तास ठेवायचा; आतील हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, आणि यंत्र तो आकडा दाखवते का ते पाहायचे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्वयंपाकाच्या आयोडीनयुक्त मिठाने अचूक ७५ टक्के आर्द्रता कधीच मिळत नाही, एकाच बिंदूवर (म्हणजे एकाच ज्ञात आर्द्रतेला) केलेल्या तपासणीला अंशशोधन (कॅलिब्रेशन) म्हणता येत नाही, त्यांनी स्वतः प्रयोग केला तेव्हा तीन तासांनी ६८ हा आकडा आला, आणि ‘ज्यांना विज्ञानाचा गंध नाही त्यांनी लोकांना असले उद्योग शिकवू नयेत’.

महोदय, या शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. आपला आक्षेप त्याविनाही पूर्ण होता. मी उमेदीची वर्षे इचलकरंजीतील एका गिरणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. हवा कोरडी झाली की मागावर ताण्याचे धागे तुटू लागतात, म्हणून ओल्या-सुक्या थर्मामीटरवरून विणकाम खात्याची आर्द्रता काढणे हे तिथे माझे नेमून दिलेले काम होते, आणि त्या आकड्यावर पाळीचे उत्पादन अवलंबून असे. ज्याने हे केले आहे त्याला विज्ञानाचा गंध आहे की नाही, हे अनोळखी माणसाने एका ओळीत ठरवावे, याचे मला वाईट वाटले.

आता आयोडीनकडे वळतो. संपृक्त द्रावणावरील, म्हणजे ज्यात आणखी मीठ विरघळू शकत नाही अशा पाण्यावरील, हवेची आर्द्रता ठरते ती पाण्यात विरघळलेल्या कणांच्या प्रमाणावरून. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात आयोडीनचे प्रमाण दहा लाख भागांत किमान १५ भाग असावे, असा दंडक आहे. म्हणजे तपासणीसाठी घेतलेल्या १० ग्रॅम मिठात सुमारे ०.१५ मिलिग्रॅम आयोडीन असते. त्याच्या दुप्पट धरले, तरी एवढ्याशा अंशाने बाष्पदाबात, म्हणजेच पर्यायाने आर्द्रतेत, पडणारा फरक आपल्या-माझ्या घरातील कोणत्याही आर्द्रतामापकाला दिसणार नाही. या यंत्रांची स्वतःची त्रुटीच दोन ते पाच टक्क्यांची असते. मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेली सिलिका तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मोजमापांची मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतील ग्रीनस्पॅन यांनी १९७७ साली संपृक्त द्रावणांच्या आर्द्रतेचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत सोडियम क्लोराइडसाठी (म्हणजे आपल्या मिठासाठी) २० अंश सेल्सिअसला ७५.५, २५ अंशांना ७५.३ आणि ३० अंशांना ७५.१ टक्के असे आकडे आहेत. तापमान बदलूनही इतके स्थिर राहणारे दुसरे स्वस्त द्रव्य स्वयंपाकघरात कोणते आहे, ते आपण सांगावे. अशुद्धीची चिंता करायचीच असेल, तर ती खड्याच्या मिठाची करावी. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड उरलेले असू शकते आणि ते आर्द्रता खरोखरच खाली ओढते. म्हणूनच मी लेखात पुडीतले शुद्ध केलेले मीठ घ्या, असे स्पष्ट लिहिले होते. ते वाक्य आपण वाचले असते, तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. ‘आठ तास पुरेत’ असे मी लिहिले होते. डबा मोठा असेल तर पूर्ण २४ तास ठेवणे अधिक योग्य ठरेल, आणि लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

एका बिंदूच्या मुद्द्याबद्दल फार लिहिण्याचे कारण दिसत नाही. माझा लेख कॅमेऱ्याची भिंगे आणि जुनी पुस्तके पावसाळ्यात बुरशीपासून वाचवू पाहणाऱ्यांसाठी होता. बुरशीचा धोका साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर वाढतो, तेव्हा यंत्र त्याच टापूत खरे बोलते की नाही एवढेच अशा वाचकाला हवे असते. मॅग्नेशियम क्लोराइड आणून ३३ टक्क्यांचा दुसरा बिंदू ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी अवश्य घ्यावा.

राहिला आपला ६८ हा आकडा. तीन तासांत डब्यातील हवा स्थिरावली होती, हे कशावरून ठरवलेत? मिठाचा लगदा ओल्या वाळूसारखा होता की त्यावर पाणी तरंगत होते, डबा उन्हाच्या खिडकीत होता की कपाटात, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. यंत्रातील संवेदक (सेन्सर) लगद्यापेक्षा एका अंशाने जरी उबदार असला, तरी त्याला आर्द्रता चार टक्क्यांहून अधिक कमी दिसते. आणि २४ तासांनंतरही ६८ च आले, तर त्या टापूत आपले यंत्र सुमारे सात टक्के कमी दाखवते असा त्याचा साधा अर्थ आहे; ते सात टक्के मिळवून वाचावेत, मिठाला दोष देऊ नये. डबा कपाटात ठेवून, झाकण न उघडता पुन्हा पाहावे, आणि तापमानासह आकडा कळवावा. तो मी लेखाखाली जसाच्या तसा देईन.