आमच्या गॅलरीत झेंडा का नव्हता

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या माझ्या मामाने चौदा ऑगस्टला घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. ‘देश लोकांच्या मनातून मेला आहे’ अशी सुरुवात. मूळ हिंदी, घाईघाईत मराठी केलेला. इंदूरकरांच्या मराठीला सगळे हसतातच, त्यामुळे भाषेबद्दल मी काही बोलत नाही. हाच मेसेज गेल्या वर्षीही आला होता, तेव्हा सोडून दिला. यंदा तो आईच्या कॉलनीच्या ग्रुपवर पोचला आणि सोळा तारखेला सकाळी सात वाजता आईचा फोन आला. ‘अगं, आपल्या गॅलरीचा फोटो टाकलाय कुणीतरी. खाली लिहिलंय, इथे झेंडा नाही.’

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वीजबिल थकलं म्हणून दारावर नोटीस लागावी, तसा तिचा आवाज झाला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बासष्टच्या युद्धात सगळा देश एक होता, कुणी सरकारला प्रश्न विचारत नव्हतं. आता लोक मतदानाला जात नाहीत, गेले तर ‘नोटा’चं बटण दाबतात. सरकारवर टीका करणं हा कायद्यानेच देशद्रोह आहे. सिनेमागृहात राष्ट्रगीत सक्तीचं आहे, तरी लोक कुरकुरतात. आणि शेवटी, ज्या घरावर तिरंगा नाही त्या घराचा फोटो काढून ग्रुपवर टाका, म्हणजे कोण कोण आहे ते कळेल.

राष्ट्रगीताचं एका ओळीत संपवते. सक्तीचा आदेश नोव्हेंबर २०१६ चा होता, तो सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०१८ मध्ये मागे घेतला. आता वाजवायचं की नाही हे थिएटरवाल्याने ठरवायचं.

बासष्टचं मात्र मला बोलायलाच हवं, कारण ती गोष्ट आमच्या घरातली आहे. माझ्या आजीने तेव्हा संरक्षण निधीला हातातली एक पाटली दिली. मामाच तिला टांग्यातून घेऊन गेला होता. आणि तीच आजी रोज संध्याकाळी रेडिओ लागला की नेहरूंच्या नावाने खडे फोडायची, हेही मामाच आम्हाला हसत हसत सांगायचा! पाटली देणं आणि खडे फोडणं यांत तिला काही विसंगती वाटली नाही. देशालाही वाटली नव्हती. चीनचं आक्रमण चालू असताना जनसंघाने संसदेचं अधिवेशन बोलवा म्हणून आग्रह धरला, त्यात पुढे होते आपल्या ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी, राज्यसभेत नवे, वय सदतीस. नेहरूंनी अधिवेशन बोलावलं. आठ नोव्हेंबरला, लढाई चालू असताना, सरकारचे वाभाडे काढणारी चर्चा सुरू झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्याच आठवड्यात मंत्रिमंडळातून जावं लागलं होतं, तेही सत्ताधारी पक्षातल्याच नाराजीमुळे. ‘कुणी प्रश्न विचारत नव्हतं’ ते हे बासष्ट.

देशद्रोहाच्या कलमाचंही तेच. १९६२ च्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात सांगितलं की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका, कितीही तिखट असो, राजद्रोह होत नाही. त्या कलमाखाली १९०८ मध्ये सहा वर्षं मंडालेला कोण गेलं, हे लोकमान्य नगरात राहणाऱ्या माणसाला मी सांगायचं का?

मतदानाबद्दल मामाचं थोडं खरं आहे, मान्य करते. २०१९ च्या मानाने २०२४ ला इंदुरात मतदान घसरलं. छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत बोटावरची शाई दाखवा आणि पोहे-जिलेबी फुकट खा असं ठेवूनही घसरलं. पण नोटा म्हणजे देशाला नकार? ते बटण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आलं, त्यावर लिहिलेलं असतं ‘यांपैकी कोणीही नाही’. उमेदवार नाही, एवढंच. २९ एप्रिल २०२४ ला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, इंदूरच्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज काढून घेतला आणि भाजपमध्ये गेला. निकाल काय लागणार हे पानवाल्यालाही ठाऊक होतं. तरी तेरा मेच्या उन्हात २,१८,६७४ लोकांनी जाऊन नोटा दाबलं. आजवर कुठल्याही मतदारसंघात एवढं नोटा पडलेलं नव्हतं. काँग्रेसने तसं आवाहन केलं होतं, म्हणजे सगळा उत्स्फूर्त संताप होता असं मी म्हणणार नाही. पण ज्याला देशाशी घेणंदेणं नाही तो मे महिन्यात रांगेत उभा राहत नाही, घरी कूलरपुढे आमरस खातो. मी पाऊण तास रांगेत होते. काय दाबलं ते सांगणार नाही, मामालाही नाही.

आता फोटो. बाकीचा मेसेज नुसता अडाणी आहे, हे कलम दुष्ट आहे.

मुळात सामान्य माणसाला वर्षभर घरावर तिरंगा लावता येतो तो २६ जानेवारी २००२ च्या ध्वजसंहितेपासून. त्याआधी ठरावीक दिवस सोडले तर बंदीच. ती उठली, कारण नवीन जिंदल यांनी रायगढच्या, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच मध्य प्रदेशातल्या, कारखान्यावर झेंडा लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि ते कोर्टात गेले. २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, सन्मानाने झेंडा फडकवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणजे जे लावायला एका माणसाला सरकारशी भांडावं लागलं, त्याचीच आता मामाचा मेसेज हजेरी घेतोय. अभिव्यक्ती आहे ती, शाळेचा गणवेश नाही.

आणि आईची गॅलरी. तेरा तारखेला सकाळी तिने स्वतः झेंडा लावला, पॉलिएस्टरचा, कोपऱ्यावरच्या दुकानातला. २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, म्हणून ठेवला. चौदाच्या रात्री पाऊस आणि वारा असा झोडपत होता की सकाळी हिरव्या पट्टीची कड वीतभर उसवून लोंबत होती. फाटका झेंडा लावायचा नसतो, हे तिला कुठल्या संहितेने सांगावं लागलं नाही. तिने तो काढला, पंख्याखाली वाळवला, घडी घातली. पंधराला दुकानं बंद, नवा मिळाला नाही. फोटो काढणाऱ्याने त्याच दुपारी खालून काढला. जिने चढून बेल वाजवली असती तर चहा मिळाला असता, झेंडाही दिसला असता.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. फोटो टाकणाऱ्याने हात जोडल्याची खूण टाकली, फोटो तसाच ठेवला. मामाने मला फोन करून ‘तू फार मनाला लावून घेतेस’ म्हटलं. पाटलीचा विषय काढल्यावर म्हणाला, ‘ते वेगळं होतं.’

ध्वजसंहिता म्हणते, खराब झालेला झेंडा एकांतात, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावा. हे मी आईला वाचून दाखवलं. ‘जाळू कशी गं,’ म्हणाली. तो अजून तिच्या कपाटात आहे, माहेश्वरी साड्यांच्या घडीखाली.