गोळीतलं इस्ट्रोजेन यकृतात साचत नाही. धोका आहे तो नेमका उलट

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल एक संदेश बराच फिरतो. त्याचं म्हणणं असं: गोळीतलं इस्ट्रोजेन कृत्रिम, ते तोडायला यकृताकडे एन्झाइमच (रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं) नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षं तिथे साचतं. ते काढायला वनस्पतिजन्य ‘डिटॉक्स’ घ्या. आणि गोळी चालू असताना कुठलंही अँटिबायोटिक घेतलं की गोळी निकामी. यातला डिटॉक्सचा सल्ला सर्वांत घातक आहे. पण त्याचं कारण कळायला आधी एन्झाइमांकडे वळावं लागेल.

बहुतेक गोळ्यांत एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. नैसर्गिक इस्ट्रॅडिऑल गिळलं, तर त्याचा बहुतेक भाग रक्तात पसरण्याआधीच आतड्यात आणि यकृतात इस्ट्रोन या सौम्य इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. हा बदल रेणूच्या १७व्या कार्बनवर होतो. १९३८ साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिथेच एथिनिल गट जोडला आणि ही वाट बंद केली. वाट बंद झाली ती एवढीच. आतड्याच्या भिंतीतली सल्फोट्रान्सफरेझ एन्झाइमं या रेणूला सल्फेट जोडतात. यकृतात मुख्यतः सीवायपी३ए४ आणि थोड्या प्रमाणात सीवायपी२सी९ ही एन्झाइमं त्याच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवतात. यूजीटी१ए१ हे आणखी एक एन्झाइम त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं. अशी जोडणी झाली की रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि पित्तातून किंवा लघवीतून बाहेर पडतो. या पहिल्याच फेरीत एवढी छाटणी होते की गिळलेल्या मात्रेचा निम्म्याहून कमी भाग मूळ रूपात रक्तात पोचतो, आणि हे प्रमाण बाईगणिक बरंच बदलतं.

साचण्याचा दावा साध्या हिशेबातही टिकत नाही. रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे शेवटच्या गोळीनंतर ५ दिवसांनी जेमतेम ३ टक्के उरतं. पित्तातून आतड्यात गेलेला काही भाग तिथले जीवाणू मोकळा करतात आणि तो पुन्हा शोषला जातो, हे खरं. पण त्याने मुक्काम काही तासांनी लांबतो, वर्षांनी नाही. शिवाय मुळात मात्राच २० ते ३५ मायक्रोग्रॅमची: पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत याच्या हजारो पट औषध असतं.

यकृतावर परिणाम होतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. एथिनिल गटामुळे हा रेणू यकृताच्या पेशींत जोमाने काम करतो आणि रक्त गोठवणारे काही घटक वाढतात. शिरेत गुठळी होण्याचा धोका येतो तो इथून. पॅच किंवा योनीत बसवायची रिंग वापरली तरी तो टळत नाही, कारण औषध रक्तातून शेवटी यकृतात पोचतंच. क्वचित पित्ताचा प्रवाह मंदावून खाज आणि कावीळ होते. यकृतात गाठ किंवा बळावलेला सिरोसिस असेल, तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत.

आता डिटॉक्स. काही वनस्पतिजन्य उत्पादनांत सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती असते. तिच्यातलं हायपरफोरिन हे द्रव्य यकृताच्या पेशींतल्या पीएक्सआर या ग्राहीला चेतवतं आणि पेशी जास्त सीवायपी३ए४ बनवू लागतात. गोळीतलं इस्ट्रोजेनच नव्हे, सोबतचं प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोनही मग भराभर तुटतं. मधेच रक्तस्राव दिसतो आणि नको असलेली गर्भधारणा होऊ शकते. म्हणजे घाबरायचंच तर यकृत तोडत नाही याला नव्हे, अति वेगाने तोडतं याला घाबरावं. क्षयावरचं अँटिबायोटिक रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल ही औषधंही हेच करतात. वाढलेली एन्झाइमं औषध थांबताच ओसरत नाहीत, म्हणून उपचार चालू असताना आणि संपल्यावर आणखी ४ आठवडे दुसरं साधन हवं. रिफाम्पिसिनच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या दोन-दोन घेऊनही भागत नाही. तांबी हा खात्रीचा पर्याय.

अँटिबायोटिकचा दावा या रिफाम्पिसिनवरूनच ताणलेला आहे. रिफाम्पिसिन आणि त्याचं भावंड रिफाब्युटिन सोडलं, तर अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी नेहमीची अँटिबायोटिक्स ही एन्झाइमं वाढवत नाहीत. जीवाणू मेल्यामुळे पुनर्शोषण थांबून गोळी फसेल, ही शंका जुनी. पण तपासण्यांत हार्मोनची पातळी तशी घसरलेली दिसली नाही. लक्ष ठेवायचं ते उलटी-जुलाबांवर. गोळी घेतल्यापासून ३ तासांत उलटी झाली, तर दुसरी लगेच घ्यावी.

एक गोष्ट या संदेशात नाही, पण असायला हवी होती. अपस्मारासाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईने ही गोळी सुरू केली, की इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडण्याचा वेग वाढतो. त्याची रक्तातली पातळी सुमारे निम्म्यावर येते आणि झटके परतू शकतात. गोळ्यांच्या ७ दिवसांच्या खंडात तीच पातळी पुन्हा चढते आणि चक्कर, डोळ्यांना दोन-दोन दिसणं असे त्रास होऊ शकतात. गोळी सुरू करताना आणि सोडतानाही लॅमोट्रिजिनचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.