क्रूझवरील बुफे आणि ‘कालचे उरलेले अन्न’: एक खुलासा

क्रूझ जहाजांवरील बुफेत आदल्या दिवशी उरलेलेच पदार्थ नवे नाव देऊन मांडले जातात, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यात तथ्याचा अंश असला, तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

अमेरिकी बंदरांत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या प्रवासी जहाजांची तपासणी तेथील सीडीसी ही आरोग्यसंस्था पूर्वसूचना न देता करते. 100 पैकी 85 किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर जहाज अनुत्तीर्ण ठरते. तिच्या नियमांनुसार गरम पदार्थ किमान 57 अंश सेल्सिअसवर आणि थंड पदार्थ 5 अंश किंवा त्याखाली ठेवावे लागतात. जेथे तापमानाऐवजी वेळेचे बंधन पाळले जाते, तेथे चार तासांनंतर उरलेला पदार्थ टाकूनच द्यावा लागतो, मग तो कितीही ताजा दिसो. बुफेतली भांडी उथळ असतात आणि ती वारंवार बदलली जातात, त्याचे एक कारण हेच.

मात्र स्वयंपाकघरातच राहिलेले, कोणापुढेही न मांडलेले अन्न ठरलेल्या वेळेत थंड करून पुढे वापरण्यास मुभा आहे. भाजलेल्या मांसाचे दुसऱ्या दिवशी सूप झाले, तर ती फसवणूक नव्हे. घरोघरी हेच चालते. चवीत तोचतोचपणा येतो ही तक्रार मात्र रास्त आहे, कारण हजारो माणसांसाठी एकदम रांधताना मसाला बेताचाच ठेवला जातो.